जीप, जिप्सी, थारला दुसऱ्या गाडीच्या पुढच्या सीट बसवताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा या पट्ट्यात जुन्या जीपा अजून भरपूर फिरतात. कुणाच्या दारात वडिलांच्या काळातली महिंद्राची एमएम ५४० उभी आहे, कुणी लिलावातली जिप्सी उचलली आहे, कुणाकडे पहिल्या पिढीची थार आहे. इंजिन, टायर आणि फोर बाय फोरवर या मंडळींचा जीव असतो. सीट आठवते ती कंबर धरल्यावर. मग कुणीतरी सांगतं, अमक्या गाडीच्या सीट टाक, मस्त बसतात. तिथून जे प्रश्न सुरू होतात ते इथे एकत्र घेतले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: सीट हा गाडीच्या सुरक्षेचा भाग आहे. ती चांगली की वाईट हे वरच्या लेदरवरून न ठरवता खाली पत्र्याला ती कशी धरली आहे आणि बेल्टशी तिचं कसं जमतं यावरून ठरवावं.

पुढच्या सीट बदलायच्याच कशाला?

जुन्या जीपच्या सीटची पाठ बहुतेक वेळा खांद्याच्या खालीच संपते. मानेला आधार नाही, मागे-पुढे करायची सोय जेमतेम, आणि फोम दबला की खालची स्प्रिंग टोचते. कंबरदुखीमुळे लोक सीट बदलायला निघतात, ते बरोबरच आहे. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं कारण हेडरेस्टचं आहे. मागून धडक बसली की धड सीटसोबत पुढे ढकललं जातं आणि डोकं मागे राहतं. मान तिथे मोडते किंवा दुखावते. पुणे–हैदराबाद महामार्गावर आता गाड्या कोणत्या वेगाने येतात हे रोज दिसतं. त्यात हळू चालणारी जीप, संध्याकाळची वेळ, पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली. करकचून ब्रेक मारला की मागचा कधी आदळेल याचा नेम नसतो. उंच पाठ आणि कानाच्या वरच्या टोकापर्यंत येणारा हेडरेस्ट, एवढ्या एका गोष्टीसाठीही सीट बदलणं योग्य आहे.

जुन्याच सीटला नवा फोम भरून भागणार नाही का?

पहिल्या थारला किंवा नंतरच्या जिप्सीला बऱ्याचदा भागतं. सांगाडा सरळ असेल, सीट ज्यावर मागे-पुढे सरकते ती रेल दोन्ही बाजूंनी लॉक होत असेल आणि हेडरेस्ट असेल, तर चांगल्या कुशनवाल्याकडे जा. घट्ट फोम मागा, हाताला मऊ लागणारा नको. दुकानात बसून गोड वाटणारा फोम तुळजापूरला जाऊन येईपर्यंत चपटा होतो. मांडीखालचा भाग गुडघ्याच्या थोडा अलीकडेपर्यंत वाढवून घेतला आणि कंबरेच्या जागी फोमचा वेगळा तुकडा टाकला की निम्मी तक्रार मिटते. हा मार्ग स्वस्त आहे, गाडीत काही कापावं लागत नाही आणि कायद्याचाही प्रश्न येत नाही. सांगाडा वाकलेला किंवा चिरलेला असेल, किंवा हेडरेस्टच नसेल, तरच पुढचं वाचा.

नेमक्या कोणत्या गाडीच्या सीट बसतात?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं एका नावात उत्तर देणाऱ्यावर फार विसंबू नका. काही न कापता थेट बोल्टवर बसेल अशी दुसऱ्या कंपनीची सीट जवळपास मिळत नाही. चार भोकांमधली अंतरं गाडीगणिक वेगळी असतात. तरी निवड सोपी करता येते.

जिप्सी आणि जुन्या जीपमध्ये आतली रुंदी कमी असते. एका बाजूला दार किंवा टबची (उघड्या बॉडीची) कड, दुसऱ्या बाजूला गिअर आणि ट्रान्सफर केसची, म्हणजे फोर बाय फोर लावायची, दांडी. म्हणून मारुतीच्या छोट्या हॅचबॅकच्या अरुंद, हलक्या सीट तिथे लोकांना सोयीच्या पडतात. थारला जागा थोडी जास्त, त्यामुळे मोठ्या सीट मागितल्या जातात, आणि स्कॉर्पिओ-बोलेरोच्या सीट आपल्याकडे सहज मिळतात म्हणून त्यांचीच चर्चा जास्त होते. मोठ्या सेडानच्या रुंद, लेदरच्या सीटचा मोह टाळा. त्यांचे बाजूचे फुगवटे जीपमध्ये चढता-उतरताना मांडीला अडतात, शेतावर दिवसातून दहादा खालीवर करणाऱ्याला तर फारच.

गादी बघायच्या आधी सीट उलटी करून तिचे पाय बघा. खरी मेख तिथे आहे. बऱ्याच मोटारींमध्ये सीटखालची फरशी सपाट नसते. पुढचे दोन पाय आडव्या बीमवर चढलेले असतात, आतल्या बाजूचा मागचा पाय मधल्या बोगद्याच्या (दोन सीटांमधल्या फुगीर पत्र्याच्या) उतारावर आणि बाहेरचा पाय दाराच्या उंबऱ्याच्या आतल्या कडेला असतो. त्यामुळे चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे, वेगवेगळ्या कोनांतले. अशी सीट जीपच्या सपाट पत्र्यावर ठेवली की एका अंगाला कलते. चारही पाय एका पातळीत, खाली तोंड करून असलेली सीट मिळाली तर निम्मं काम वाचलं म्हणायचं. सीट विकत घेण्यापूर्वी ती सपाट फरशीवर ठेवून बघायला कुणीही नाही म्हणत नाही.

मापं कोणती घ्यायची?

आधी जुनी सीट काढा, मॅट उचला, झाडून घ्या. मग ही मापं लिहून ठेवा: जुन्या चार भोकांची मधून-मधून अंतरं, दारापासून बोगद्यापर्यंतची सगळ्यात अरुंद जागा, आणि जुन्या गादीची गाडीच्या फरशीपासूनची उंची. ही उंची मात्र सीट काढण्याआधीच, माणूस बसलेला असताना घ्या, रिकामी गादी बोटभर वर असते. स्टीअरिंगचा मध्य कुठे येतो ते ओळंबा सोडून फरशीवर खडूने आखा. सीटचा मध्य त्याच रेषेवर आला पाहिजे. सीट दोन बोटं जरी बाजूला सरकली तर शरीर कायम पिळलेलं राहतं. पंढरपूरपर्यंत ते जाणवत नाही, पुण्याला पोचल्यावर पाठ सांगते.

मग पुठ्ठा किंवा जुना प्लायवूड घेऊन सीटच्या तळाचा आकार कापा आणि गाडीत ठेवा. क्लच पूर्ण दाबा. ट्रान्सफरची दांडी टू-हायमधून फोर-लोपर्यंत फिरवून बघा, सीट अगदी पुढे आहे असं धरून. हँडब्रेक पूर्ण ओढा. दार लावून काच फिरवा, कोपर लागतं का पाहा. हे सगळं पुठ्ठ्यावर अर्ध्या तासात होतं. सीटखालचा लोखंडी स्टँड वेल्ड केल्यावर दांडी अडतेय असं कळलं तर अख्खा दिवस जातो.

सीट बसली, पण आता फार उंच वाटतेय. चालेल का?

चालणार नाही. बसल्यावर डोकं आणि छत किंवा रोल बार (गाडी उलटली तर आधार देणारी डोक्यावरची लोखंडी नळी) यांमध्ये किमान मूठभर अंतर हवं. वाडीच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आदळली की माणूस बेल्ट असूनही वर उसळतो, आणि डोक्याजवळ लोखंडी नळी असेल तर त्या नळीला जाड फोम गुंडाळणंही गरजेचं आहे. उंच सीटमुळे आणखी दोन गोष्टी बिघडतात. वरून पाय पडल्यामुळे ब्रेक आणि क्लचचा कोन बदलतो, आणि बेल्ट खांद्यावरून यायचा तो खांद्याच्या खालून येऊ लागतो. उंची वाढण्याचं कारण बहुतेक वेळा जुना बेस तसाच ठेवून त्यावर नव्या सीटची रेल चढवणं हे असतं. जुना बेस काढून त्या जागी कमी उंचीचा स्टँड करणं हाच उपाय. गादीचा फोम कापून उंची कमी करू नका. फोमखालचा पत्रा किंवा स्प्रिंगच मग अंगाला लागते.

उतारही बघा. गादीची पुढची कड मागच्यापेक्षा किंचित वर हवी. सपाट किंवा पुढे झुकलेल्या गादीवर माणूस ब्रेक लागला की घसरतो.

स्टँड कुठल्या लोखंडाचा आणि कसा बनवावा?

आपल्याकडे फॅब्रिकेटरची कमी नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीपासून गावोगावच्या ट्रॉली बनवणाऱ्यांपर्यंत लोखंडाचं काम करणारे हात चांगले आहेत. फक्त एक ध्यानात घ्या: ट्रॉली आणि नांगर करणाऱ्याला जाड प्लेटची सवय असते. जीपचा पातळ पत्रा त्याच्या वेल्डिंगखाली जळून भोक पडतं. म्हणून स्टँड त्याच्याकडून करून घ्या, पण तो पत्र्याला वेल्ड न करता बोल्टने बसवा. काढता येतो, दुरुस्त करता येतो, आणि उद्या जुनी सीट परत लावायची झाली तर लावता येते.

हिशेब समजून घेतला की मजबुतीवर तडजोड करावीशी वाटत नाही. सीटच्या मजबुतीच्या चाचण्या २० जी या प्रमाणात होतात, म्हणजे वस्तूच्या वजनाच्या वीसपट जोर. नुसती सीटच १५ ते २० किलोची असते. वीस किलोच्या सीटचा जोर त्या क्षणाला ४०० किलो होतो. पंचाहत्तर किलोच्या माणसाचा दीड टन. बेल्टचं बकल सीटलाच लावलेलं असेल तर माणसाच्या जोराचाही मोठा वाटा सीटच्या चार पायांवर येतो. हे चार बोल्ट आणि खालचा पत्रा मिळून तेवढं पेलणार आहेत का, हा प्रश्न फॅब्रिकेटरला विचारा.

आंतरराष्ट्रीय मोटारस्पोर्ट संघटना एफआयएचा रॅलीच्या गाड्यांसाठीचा नियम इथे चांगला मापदंड आहे: प्रत्येक सीटला कमीत कमी चार ठिकाणी पकड, बोल्ट किमान ८ मिमीचे, लोखंडी आधार आणि खालच्या प्लेटा किमान ३ मिमी जाड, आणि प्रत्येक ठिकाणी प्लेटचा पत्र्याला टेकणारा भाग किमान ४० चौरस सेंटिमीटर. म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटर लांब-रुंद प्लेट. ही प्लेट गाडीच्या खालून लावायची. नुसता वॉशर लावला तर धडकेत बोल्ट वॉशरसकट पत्रा फाडून वर येतो. प्लेटचे कोपरे गोल करा, नाहीतर तेच पत्र्याला चिरतात.

बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारे बिनआकड्याचे बोल्ट इथे नकोत. नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट लावा. ८ मिमीच्या अशा बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर आणि १० मिमीच्याला ४५ ते ५० न्यूटन-मीटर इतकं आवळणं पुरतं. गाडीच्या मूळ बोल्टना मात्र कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा.

सीटच्या स्वतःच्या सांगाड्यावर वेल्डिंग मारू नका. नव्या गाड्यांच्या सीटमध्ये जास्त ताकदीचं पोलाद वापरलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ त्याची ताकद उतरते. जे काही जोडायचं ते स्टँडला.

आणखी एक गोष्ट, जी चांगले मेकॅनिकही कधी कधी विसरतात. जीपची बॉडी चासीवर रबरी गुटक्यांवर बसलेली असते आणि खराब रस्त्यावर दोन्ही एकमेकांपासून थोड्या हलतात. स्टँडचा एक पाय बॉडीला आणि दुसरा चासीला बांधला तर काही महिन्यांत पत्रा चिरतो. चारही पाय बॉडीलाच हवेत.

रेल कधी अडकते, कधी सरकून पुढे येते. असं का?

स्टँड पिळलेला असतो. दोन्ही रेल एकमेकींना समांतर आणि एका पातळीत नसल्या की एक बाजू लॉक होते, दुसरी अधांतरी राहते. ब्रेक दाबल्यावर सीट पुढे सरकली तर पाय पेडलवरून निसटू शकतो, म्हणून हे लगेच दुरुस्त करा.

बसवताना चारही बोल्ट आधी सैल ठेवा. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, अशी काही वेळा सरकवा म्हणजे रेल आपली जागा घेतात. मग पुढच्या टोकाला सरकवून मागचे बोल्ट आवळा, मागे घेऊन पुढचे. शेवटी सीटवर बसा, पायाने जोर लावून स्वतःला मागे रेटा आणि कान द्या. दोन्ही बाजूंनी ‘कट्’ असा आवाज यायला हवा. एकाच बाजूने आला तर स्टँडखाली पातळ शिम (पत्र्याची चकती) टाकून पातळी साधा.

रेलला ग्रीस थापू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि ग्रीसमध्ये बसून रेल घासते. ब्रशने झाडून कोरडं वंगण मारलेलं बरं.

मॅटखाली पत्रा गंजलेला निघाला. पुढे काय?

काम थांबवा. मॅट आणि फोमखाली पावसाळ्यातलं पाणी महिनोन्‌महिने साचतं, आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबलं की तपकिरी पापुद्रे सुटून खालची जमीन दिसते. अशा पत्र्यावर कितीही जाड प्लेट लावली तरी पकड गंजाची. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून तिथे नवा पत्रा मारावा लागतो, त्यासाठी डेंटिंगवाला गाठा. नवीन पाडलेल्या प्रत्येक भोकाला प्राइमर, खालून सिलंट आणि अंडरबॉडी कोटिंग हवंच. फरशीची पाणी जाणारी भोकं बुजवू नका.

भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली जाऊन बघा. विलिज घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये इंधनाची टाकी चक्क ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप, वायरिंग याच भागातून जातात. टाकी असेल तर ती उतरवल्याशिवाय तिथे ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग काहीही नाही.

सीटबेल्टचं काय करायचं?

या प्रश्नासाठी पाहिजे तेवढा वेळ घ्या. जुन्या जीपमध्ये बेल्टचं बकल फरशीला बोल्ट केलेलं असतं. नव्या मोटारींमध्ये ते सीटच्या सांगाड्यालाच असतं, सीटबरोबर पुढे-मागे सरकतं. तुम्ही नवी सीट आणली आणि जुनं बकल फरशीवरच ठेवलं, तर ते गादीच्या कडेत रुतून बसतं किंवा हाताला लागत नाही. मग लोक बेल्ट लावायचाच सोडतात. नव्या सीटचं बकल वापरायचं तर त्याच गाडीचा पूर्ण बेल्ट घ्या. एका कंपनीच्या पट्टीची जीभ दुसऱ्या कंपनीच्या बकलमध्ये आत जाते, कधी ‘टक्’ही वाजतं, पण लॉक झालेली असेलच असं नाही.

पट्टीचा खालचा भाग पोटावर न येता कमरेच्या हाडावर, मांडीच्या मुळाशी आला पाहिजे. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून जावा, मानेला घासू नये. वरची पकड खांद्याच्या पातळीला किंवा थोडी वर हवी. खाली असेल तर धडकेत पट्टी खांद्याला खाली दाबते आणि तो मार मणक्याला बसतो. उघड्या जीपमध्ये दाराचा खांब नसतो, तिथे ही पकड मजबूत रोल बारवर घ्यावी लागते. नुसत्या हुडाच्या पाइपवर बेल्ट बांधू नका, तो ताडपत्री धरण्यापुरता असतो.

पट्टी गुंडाळणारा डबा मूळ गाडीत ज्या कोनात होता त्याच कोनात बसवा. आतला लॉक झुकावावर काम करतो. डबा वाकडा बसला की बेल्ट ओढायच्या आधीच अडकतो. बेल्टचे बोल्ट बहुतेक गाड्यांत सात-सोळांश इंची, बारीक आट्यांचे असतात. तिथे १० किंवा १२ मिमीचा बोल्ट रेटून बसवला तर आटे खराब होतात आणि पकड जाते. मूळ बोल्ट जपून ठेवा.

भंगारातल्या सीटमध्ये एअरबॅग आहे. काढून वापरू का?

दुसरी सीट शोधा. सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी आणि खाली पिवळा कनेक्टर दिसला म्हणजे आत स्फोटक भरलेली पिशवी आहे. काही गाड्यांत बकलच्या दांड्यातही बेल्ट खेचणारी तशीच स्फोटक नळी असते. जिप्सीत किंवा पहिल्या थारमध्ये ती चालवणारी यंत्रणाच नाही, त्यामुळे तिचा फायदा शून्य आणि ग्राइंडर-वेल्डिंगजवळ तिचा धोका मोठा. पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावून बघू नका. अशीच सीट हातात पडली असेल तर ती पिशवी अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या माणसाकडूनच उतरवून घ्या.

२०२० नंतरच्या थारला किंवा जिम्नीला सीट बदलता येतील का?

माझा सल्ला, नको. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे मिळाले ते तिच्या मूळ सीट, बेल्ट आणि एअरबॅग एकत्र धरून. तीन दारांच्या थारमध्ये शेजारची सीट पुढे कलून मागे जायला वाट देते, ती सोयही जाते. बेल्टची आठवण देणारे सेन्सर सीटमध्ये असतात, दिवा पेटून राहतो. कंबर दुखत असेल तर कुशनवाल्याकडून फोमचं काम करा, पाठीच्या कडेला एअरबॅग असेल तिथलं कापड मात्र उसवू देऊ नका.

बकेट सीट टाकली तर?

गाडी फक्त ट्रॅकवर किंवा स्पर्धेत चालवत असाल तर ठीक. रोजच्या वापरात न कलणारी पाठ, उंच कडा आणि चार-पॉइंट बेल्ट यांचा त्रासच जास्त. चार-पॉइंट बेल्टने माणूस पाठीला जखडला जातो, पण रोल केज नसलेली गाडी उलटली तर वाकायला जागा राहत नाही. बाजारातल्या नुसत्या ‘स्पोर्टी’ दिसणाऱ्या, कुठलाही शिक्का नसलेल्या फायबरच्या सीट तर घेऊच नका.

मोटरवर चालणाऱ्या सीट जोडता येतात का?

साध्या मोटरच्या सीट येतात. योग्य जाडीची वायर, स्वतंत्र फ्यूज, बारा व्होल्ट. मेमरीवाल्या सीट मूळ गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतात, त्या भानगडीत पडू नका. मोटरची सीट जडही असते आणि जीपमध्ये माती-पाण्याने मोटर लवकर बसते. हाताच्या लिव्हरची सीट इथे जास्त टिकते.

रेक्झिन घ्यावं की कापड?

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेलेला असतो. सात रस्त्याला उन्हात तासभर उभ्या केलेल्या जीपच्या काळ्या रेक्झिनवर हात ठेवून बघा, उत्तर मिळेल. हार्डटॉपसाठी जाड विणीचं कापड उत्तम. उघड्या जीपला पाऊस आणि चिखल सोसायचा असतो, तिथे फिक्या रंगाचं रेक्झिन आणि बसायच्या मधल्या पट्ट्यात छिद्रांचं कापड, असा मिलाफ चांगला चालतो.

सीटवर सोलापुरी चादर किंवा टॉवेल टाकायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. घामाला सुती कापडासारखं दुसरं काही नाही, टाकाच. फक्त चादर नीट ताणून मागे बांधा. चौघडी घालून सैल ठेवलेली चादर ब्रेक लागला की माणसासकट पुढे घसरते आणि कमरेचा बेल्ट पोटावर चढतो.

जुन्या बाजारातून सीट घेताना काय बघायचं?

अपघातातल्या गाडीची सीट चालेल का हे अपघातावर अवलंबून आहे. पाठ एका अंगाला कललेली, बोल्टची भोकं लांबट झालेली, रेलवरचा रंग तडकलेला, बकलचा दांडा दुसऱ्या सीटपेक्षा आखूड झालेला, यातलं एकही दिसलं तर सोडून द्या. मागून ठोकलेल्या गाडीच्या सीट विशेष तपासा, पाठ कलवायच्या दातऱ्यांवर सगळा मार गेलेला असतो. सीटवर बसून पाठ मागे रेटा. खटखट आवाज आला तर दातरे गेलेत.

सीना-भीमेला पूर आला की बुडालेल्या गाड्यांच्या सीटही बाजारात येतात. वरून कव्हर धुतलेलं असतं. नाक फोमला लावा, रेलच्या खोबणीत बोट फिरवा. गाळ बोटाला लागतोच. जोडी घ्या, एकेक नको. आणि पावती घ्याच, ज्या गाडीच्या सीट आहेत तिच्या उल्लेखासह. कागद न देणाऱ्याकडून स्वस्तात मिळाली तरी चोरीच्या मालाची डोकेदुखी नको.

आरटीओ अडवेल का? विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतले तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशीलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून पहिली गोष्ट: सीटची संख्या आरसीवर आहे तेवढीच ठेवा. पुढची एक सीट काढून तिथे पेटी बसवणं किंवा दोनच्या जागी तिघांची बाकडी टाकणं हा सरळ नोंदणीतला बदल आहे. संख्या तीच ठेवून सीट बदलतानाही काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत, एमएच १३ असो की अकलूजचं एमएच ४५, लेखी अर्ज देऊन विचारा आणि उत्तर गाडीच्या कागदांत ठेवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा गाडी तपासली जाते. जुन्या जीपवाल्यांना हा दिवस येतोच.

पुढच्या दोघांनी बेल्ट लावला नाही तर दंड आहे, त्यामुळे सीट बदलून बेल्ट निकामी झाला तर तिथेही अडचण. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, फोटोसकट. एजंटला तोंडी सांगितलेलं दाव्याच्या वेळी कागदावर नसतं.

बसवून झाल्यावर किती दिवसांनी तपासायचं?

पहिल्या खराब रस्त्यानंतर लगेच. नवीन स्टँड, नवीन प्लेट, नवीन रंग, हे सगळं एकदा दबून बसतं आणि बोल्ट थोडे सैल होतात. उजनीच्या काठाला किंवा शेताच्या वाटेला एक चक्कर मारून आलात की टॉर्क पाना (बोल्ट किती आवळला ते मोजणारा पाना) फिरवा. प्रत्येक बोल्टवर आणि पत्र्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवली तर पुढे नजरेनेच कळतं की बोल्ट फिरलाय का. मग सर्व्हिसिंगच्या वेळी तपासलं तरी पुरे. सीट हलते असं वाटलं, करकर वाजली, किंवा गाडी आदळली, तर त्याच दिवशी खाली जाऊन बघा. प्लेटच्या कडेने पत्र्यावर केसाएवढी चीर दिसली तर गाडी चालवणं थांबवा.

जुन्या सीट विकून टाकू का?

ठेवा. नोंदणीच्या नूतनीकरणाला किंवा गाडी विकताना मूळ सीट हाताशी असणं फार उपयोगी पडतं, आणि जुन्या एमएम ५४० किंवा जिप्सीला मूळ सीटसकट घेणारा गिऱ्हाईक जास्त भाव देतो. फोमला उंदीर लागतात, म्हणून गोठ्यात किंवा धान्याच्या कोठीत टाकू नका. जुने बोल्ट, वॉशर आणि बेल्टची बकलं एका पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर लिहून, ती पिशवी सीटच्या सांगाड्यालाच तारेने बांधून ठेवा.